जेलवर उठावदार क्रोम: उतार नीट जमला की चमक येतेच

गुळगुळीत नखावर क्रोम करणं आता बऱ्याच जणींना जमतं. काळा जेल, वर नो-वाइप टॉप कोट (घट्ट झाल्यावर चिकट थर न सोडणारा वरचा लेप), चिमूटभर पावडर, घासलं की आरसा तयार. तेच क्रोम उठावाच्या नक्षीवर करायला गेलं की मात्र फजिती होते. एका थेंबावर लखलखाट, शेजारच्यावर राखाडी डाग, खाचांमध्ये पावडरच्या गुठळ्या, आणि वितळलेल्या धातूऐवजी चंदेरी रंग फासल्यासारखं नख. मग दोष पावडरच्या माथी मारला जातो आणि आणखी महागडी डबी मागवली जाते. पावडर क्वचितच वाईट असते. बिघाड बहुतेकदा तिच्याखालच्या जेलच्या आकारात असतो.

क्रोम पावडर म्हणजे अतिशय बारीक, चपटे पापुद्रे. आरशासारख्या छटेत ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात, तर मोतिया छटेत टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या अभ्रकाचे. घासल्यावर हे पापुद्रे पृष्ठभागावर आडवे, एकमेकांना चिकटून बसतात. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले तरच प्रकाश सलग परत येतो आणि आरसा दिसतो. खालचा पृष्ठभाग खरखरीत असेल तर प्रत्येक पापुद्रा आपापल्या कोनात कलतो आणि हाती येते ती नुसती चमचम. म्हणून नक्षी कितीही उंचसखल असली तरी तिचा प्रत्येक उतार काचेसारखा गुळगुळीत आणि गोलसर हवा. टोकदार कडा आणि काटकोनी खाचा हे क्रोमचे शत्रू. ओल्या जेलवर अ‍ॅक्रिलिक पावडर भुरभुरून केलेल्या साखरेसारख्या पोतावर क्रोम घासलं तर आरसा कधीच मिळणार नाही, मंद धातूसारखी झाक मिळेल. तीच हवी असेल तर ठीक, पण अपेक्षा तेवढीच ठेवा.

बेस

नखाची तयारी नेहमीचीच: क्युटिकल मागे सारून नखावरची मेलेली त्वचा काढायची, १८० किंवा २४० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा) बफरने चकाकी तेवढी घालवायची, धूळ झटकून डिहायड्रेटर (नखावरचा तेलकटपणा आणि ओल काढणारा द्रव) आणि पातळ बेस कोट. उठावाच्या कामात नखावर वजन जास्त पडतं, त्यामुळे लांब नखांवर बेस कोटनंतर बिल्डर जेलचा (नखाला जाडी देणाऱ्या दाट जेलचा) एक थर देऊन मधला फुगवटा नीट बांधून घ्यावा. तो क्युअर झाल्यावर, म्हणजे लॅम्पखाली घट्ट झाल्यावर, पुसून फाइलने सारखा करायचा. इथे राहिलेला खड्डा पुढे क्रोम चव्हाट्यावर आणतं.

रंगासाठी काळा घेतला तर आरसा सर्वांत खोल दिसतो. पांढऱ्या किंवा त्वचेच्या रंगावर तीच पावडर मऊ, मोतिया वाटते. सोनेरी पावडरखाली तपकिरी किंवा पिवळसर रंग दिला तर सोनं उबदार दिसतं, काळ्यावर ते जरा थंड आणि जुनाट भासतं. काळा जेल मात्र दोन पातळ थरांतच लावा. गडद रंगद्रव्य लॅम्पचा प्रकाश आत जाऊ देत नाही. जाड थराची वरची साय घट्ट होते, खालचा भाग ओलाच राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. अशा थरावर पुढचं सगळं काम लवकरच पापुद्र्यासारखं सुटून येतं.

उठाव

जेलचा दाटपणा हा इथला मुख्य निर्णय आहे. प्लॅस्टिकच्या टिपवर (कृत्रिम नखावर) एक थेंब ठेवून टिप उभी धरा. १५ ते २० सेकंदांत थेंब ओघळला तर तो जेल उठावाला कामाचा नाही. थेंब जागेवर राहिला आणि ब्रशचं टोक उचलताना आलेली शेंडीही हळूहळू त्यात विरघळून घुमट झाला, तर हवा तोच जेल. शेंडी तशीच उभी राहिली तर जेल जास्त घट्ट आहे. फुलांच्या पाकळ्या कोरायला तो छान, पण क्रोमखाली ब्रशचा प्रत्येक ओरखडा दाखवेल. पाण्याच्या थेंबांच्या नक्षीला मध्यम दाट बिल्डर जेल पुरतो, वळणदार रेषांना त्याहून थोडा घट्ट स्कल्प्टिंग जेल लागतो. तो पारदर्शक असलेला बरा, म्हणजे प्रकाश तळापर्यंत पोहोचतो.

थेंबांसाठी डॉटिंग टूल (टोकाला बारीक गोळी असलेली काडी), रेषांसाठी ७ ते ९ मिलिमीटरचा लायनर ब्रश. रेष ओढताना ब्रश नखावर टेकवून घासायचा नाही. टोकावर जेलचा मणी घ्यायचा, मणी नखाला टेकवायचा आणि ब्रश जवळजवळ आडवा ठेवून तो मणी ओढत न्यायचा. ब्रशचे केस नखाला लागलेच नाहीत तर रेष गोल, भरीव येते. लागले तर मधोमध चर पडतो. रेषेचं टोक निमुळतं हवं असेल तर शेवटी हात थांबवू नका, पुढे सरकवतच उचला. उंची अर्धा मिलिमीटर भरली तरी क्रोमखाली ती दुप्पट भासते, आणि एक मिलिमीटरच्या वर गेलात तर नख केसांत आणि लोकरीत अडकायला लागतं.

रेष ओढल्यावर लगेच लॅम्पखाली धावू नका. ८ ते १० सेकंद थांबलं की ब्रशच्या खुणा आपोआप बसतात. मग ५ ते १० सेकंदांचं फ्लॅश क्युअर, आणि त्यानंतरच पुढची रेष. सगळी नक्षी एकदम काढून शेवटी क्युअर करायची म्हटलं तर जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळून मधली जागा भरून जाते, आणि उठाव असतो तो त्या रिकाम्या जागेमुळेच. दोन रेषांमध्ये निदान एका रेषेच्या रुंदीइतकं अंतर ठेवा. पूर्ण नक्षी झाल्यावर बाटलीवर दिला असेल तितका वेळ, बहुतेक एलईडी लॅम्पमध्ये ६० सेकंद, पूर्ण क्युअर.

जाड जेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, चटका बसतो. सहन करत हात आत ठेवण्यात काही शौर्य नाही. लॅम्पला लो-हीट मोड असेल तर तो वापरा, नसेल तर काही सेकंद आत, काही सेकंद बाहेर असं करा. आधीच घासून पातळ झालेल्या नखांवर उंच उठाव करूच नये.

ठोक्याच्या भांड्यासारखा पोत हवा असेल तर दोन मार्ग आहेत. ओल्या जेलमध्ये डॉटिंग टूलने खळगे पाडून लगेच फ्लॅश क्युअर करणं हा सोपा मार्ग, पण जेल मागे वाहतो आणि खळगे उथळ होतात. दुसरा जास्त खात्रीचा: बिल्डर जेल जरा जाड बांधायचा, पूर्ण क्युअर करायचा आणि ई-फाइलच्या (विजेवर फिरणाऱ्या फाइलच्या) गोल बिटने, कमी वेगावर, नुसता स्पर्श करत उथळ खळगे कोरायचे. बिट एका जागी टेकवून ठेवायचा नाही, आणि खाली नखापर्यंत पुरेसा जेल आहे याची खात्री असल्याशिवाय तर सुरूच करायचं नाही. चुरगळलेल्या फॉइलचा पोत मात्र फार झटपट होतो. ओल्या जेलवर पारदर्शक क्लिंग फिल्मचा चुरगळलेला तुकडा हलकेच दाबायचा, फिल्मसकट ३० सेकंद क्युअर करायचं, फिल्म सोलायची आणि पुन्हा पूर्ण क्युअर. फिल्मच्या घड्या टोकदार कडा सोडतात, म्हणून टॉप कोटच्या आधी १८० ग्रिटने वरचे शेंडे मारून घ्या.

टॉप कोट आणि पावडर

फाइल केलेली नक्षी असेल तर धूळ काढून अल्कोहोलने पुसा. फाइल केली नसेल तर जेलवरचा चिकट थर तसाच राहू द्या, टॉप कोट त्यावर चांगला धरतो. आता नो-वाइप टॉप कोट, आणि तो पातळच घ्या. दाट टॉप कोट खाचांत साचतो आणि इतक्या मेहनतीने काढलेल्या नक्षीची टेकाडं करून टाकतो. ब्रश बाटलीच्या तोंडावर निपटून घ्यायचा, सगळीकडे पसरवायचा आणि मग कोरड्या लायनर ब्रशचं टोक खाचांतून फिरवून तिथे जमलेला टॉप कोट उचलून घ्यायचा. ही पायरी हमखास गाळली जाते. नक्षी काढतानाचा सगळा बारकावा इथेच टिकतो किंवा बुडतो.

क्युअरची वेळ हा क्रोमचा खरा गाभा. टॉप कोट पुरेसा घट्ट झाला नसेल तर पावडर चिकटून गुठळ्या होतात आणि घासताना ओरखडे पडतात. जास्त झाला तर पावडर धरतच नाही, घसरते आणि राखाडी धूर पसरल्यासारखं दिसतं. बऱ्याच टॉप कोटना एलईडीखाली ३० सेकंद मानवतात, पण लॅम्पची ताकद आणि टॉप कोटचं मिश्रण यांवर ते ठरतं. म्हणून चार टिपा घेऊन २०, ३०, ४५ आणि ६० सेकंदांवर एकदा तपासून ठेवा. बोटाखाली पावडर रेशमासारखी सरकत सरकत काळपट झाली आणि मग अचानक आरसा उजळला, तर ती तुमची वेळ. अंगठा वेगळा क्युअर करा. चार बोटांबरोबर ठेवला की तो तिरका राहतो, एका बाजूला प्रकाश कमी पडतो आणि नेमकी तिथेच पावडर गुठळते.

लॅम्पमधून हात बाहेर आला की लगेच पावडर. आणि क्रम असा: आधी खाचा, मग शेंडे. टोकदार सिलिकॉन टूलवर अगदी थोडी पावडर घेऊन खाचांत आणि उठावाच्या पायथ्याशी टेकवत जायचं, घासायचं नाही. मग स्पंजच्या आयशॅडो अ‍ॅप्लिकेटरने उतारांवर आणि शेवटी माथ्यांवर हलक्या हाताने घासायचं. उलट केलं तर माथ्यावरची जादा पावडर खाली पडून खाचांत साचते आणि तिथे मळकट पट्टा दिसतो. पहिल्या हातात आरसा पुरता आला नाही तर जास्त पावडर ओतू नका. तेवढ्याच पावडरीवर आणखी घासा. जादाची पावडर मऊ ब्रशने झटका, फुंकर मारू नका. इतकी बारीक भुकटी श्वासात जायला वेळ लागत नाही, मास्क लावलेला बरा आणि टेबलावरचा पंखा बंद.

फक्त नक्षी धातूची आणि मागची जमीन रंगीत हवी असेल तर पायऱ्या उलटतात. आधी रंगावर नो-वाइप टॉप कोट लावून तो मुद्दाम जास्त, म्हणजे ९० सेकंदांपर्यंत क्युअर करायचा, म्हणजे तो पावडर धरणार नाही. मग त्यावर चिकट थर न सोडणाऱ्या जेलने रेषा काढून त्या नेहमीच्या क्रोम वेळेइतक्याच क्युअर करायच्या आणि फक्त रेषांवर पावडर घासायची. जमिनीवर उडालेली भुकटी अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या टोकदार स्वॅबने निघते. मॅट जमिनीवर हे करायचा मोह टाळा. मॅटच्या बारीक छिद्रांत पावडर अडकते आणि राखाडी छटा जाता जात नाही. मॅट हवंच असेल तर क्रोम सील झाल्यावर रेषांच्या मधल्या जागेत मॅट टॉप कोट बारीक ब्रशने भरा.

सील करणं

क्रोम टिकत नाही, टोकाकडून सोलतं, ही तक्रार नेहमीची. पावडरवरचा शेवटचा टॉप कोट आणि खालचा जेल यांच्यामध्ये सुट्या पापुद्र्यांचा थर असतो, तो काही गोंद नव्हे. म्हणून नखाचं टोक आणि क्युटिकलच्या बाजूची बारीक कड आधी पावडरमुक्त करायची, म्हणजे तिथे टॉप कोटला थेट जेल धरायला मिळतो. टोकाला फाइलचा एकच हलका हात, कडेला ओलसर स्वॅब. स्वॅब आत नक्षीपर्यंत गेला तर पावडर फिसकटेल. त्यानंतर बेस कोटचा अतिपातळ थर देऊन क्युअर केला आणि मग टॉप कोट लावला तर पकड आणखी वाढते. आरसा किंचित मंद होतो, पण रोजच्या कामाच्या हातांसाठी हा सौदा परवडतो. टॉप कोट लावताना ब्रश दाबू नका, जेलचा मणी ब्रशपुढे तरंगत न्या, नाहीतर पावडर ओढली जाऊन काळ्या रेघा उमटतात. नखाचं टोक टॉप कोटने झाका. इथेही खाचांत साचलेलं उचलून घ्या आणि पूर्ण क्युअर करा.

ओला जेल त्वचेला लागू देऊ नका. लागलाच तर लॅम्पच्या आधी पुसा. जेलमधल्या हेमा (HEMA) या रसायनासारख्या अ‍ॅक्रिलेट घटकांची अ‍ॅलर्जी वारंवारच्या स्पर्शाने जडू शकते आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. नखाभोवती खाज, लाली किंवा फोड दिसले तर काम थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

काढताना सरळ अ‍ॅसिटोन बांधून बसलात तर तासभर वाट पाहाल. टॉप कोट आणि जाड उठाव त्याला आत शिरू देत नाहीत. १०० किंवा १५० ग्रिटने आधी उठाव सपाट करायचा, चमक आणि रंग बहुतेक निघेपर्यंत. खालचा जेल सोक-ऑफ (अ‍ॅसिटोनने सुटणारा) असेल तर मग अ‍ॅसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून १५ मिनिटं, आणि फुगलेला जेल लाकडी काडीने ढकलायचा; निघत नसेल तर खरवडायचं नाही, आणखी ५ मिनिटं गुंडाळायचं. हार्ड जेल असेल तर अ‍ॅसिटोनचा उपयोगच नाही. तो १८० ग्रिटने उतरवत आणायचा आणि नखावर कागदाइतका थर राहिला की थांबायचं. तो थर नखाबरोबर वाढत पुढे जातो, किंवा त्यावरच पुढची नक्षी बांधता येते.