कार्ड की प्रोसेसर? एकाच मशीनची दोन खरी उत्तरं

गेमिंग मशीन माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येतं तेव्हा सोबत मालकाचं निदानही येतं. "कार्ड जुनं झालंय, बदलायचंय" हे त्यातलं सगळ्यात लाडकं. या मशीनसोबत मात्र दोन निदानं आली, कारण मालक दोन होते, भाऊ आणि बहीण. मशीन एक, मॉनिटर एक आणि जमवलेल्या पैशांत येणार एकच वस्तू. भावाला प्रोसेसर हवा होता, बहिणीला ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर गेमचा हिशोब करतो, कार्ड त्यावरून चित्र काढतं. "दादा, तुम्ही सांगाल ते फायनल," असं दोघंही म्हणाली, पण ते दुसऱ्याला ऐकवण्यासाठी.

आतला माल असा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० रॅम, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. भाऊ काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा गेम खेळतो, सगळ्या सेटिंग्ज तळाला नेऊन. बहीण सायबरपंक २०७७ मध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) लावून शहरभर भटकते. "हिला गोळी झाडायचीच नसते," ही भावाची तक्रार.

काय बदलायचं हे ठरवण्याआधी मोजायचं. आफ्टरबर्नर या प्रोग्रामचा ओव्हरले (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) लावला: कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (कामाच्या एकेका धारेचा) वापर आणि फ्रेम टाइमचा, म्हणजे एकेका चित्राला लागलेल्या वेळेचा, आलेख. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम, त्याची) मर्यादा दोन्ही बंद, नाहीतर सगळे आकडे खोटे. प्रोसेसरचा एकूण टक्का मी बघतच नाही. ३६०० मध्ये १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण दमला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के. त्यात विंडोज त्या थ्रेडला या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे सुट्या आलेखांतही शंभर टक्के क्वचितच दिसतात. खरी खूण कार्डाकडे असते. मर्यादा उठवलेली असूनही कार्ड ९५ टक्क्यांच्या बरंच खाली रेंगाळत असेल, तर त्याला काम पुरवणारा मागे पडतोय. बॉटलनेक कॅल्क्युलेटर (कोणता भाग अडवतोय ते सांगणारी वेबसाइट) नावाचं जे खूळ आहे, ते प्रोसेसर आणि कार्डाची नावं घेऊन टक्केवारी सांगतं. गेम कोणता, सेटिंग्ज काय, हे धड विचारतही नाही. असल्या टक्केवारीवर पैसे घालणारे आठवड्याला भेटतात.

पहिल्याच फेरीत काउंटर-स्ट्राइकची सरासरी १३० च्या आसपास आणि १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग, ५५. या जोडीला हे फारच कमी. सीपीयू-झेड या प्रोग्रामचा मेमरी टॅब उघडला तर चॅनेलसमोर १ × ६४-बिट आणि फ्रीक्वेन्सी १०६६. डीडीआर असल्याने त्याची दुप्पट धरायची, म्हणजे ३२०० ची रॅम २१३३ वर आणि तीही सिंगल चॅनेल, दोनाऐवजी एकाच वाटेने. कॅबिनेट उघडलं. दोन्ही रॅम प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये, शेजारी शेजारी बसवलेल्या. चार स्लॉटच्या बोर्डावर हे दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे असतात. दोन रॅम असतील तर जागा दुसरा आणि चौथा स्लॉट. बहुतेक बोर्डांवर तारेच्या रेघा त्या दोन स्लॉटपाशी संपतात. पहिल्यात रॅम घातली तर पुढची रिकामी शेपटी सिग्नल परतवते आणि वरचा वेग टिकत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत हे चित्र काढून सांगितलेलं असतं. असेंबल करणाऱ्याने ते पान उघडलेलं नव्हतं, आणि मशीन चालू होतंय ना, एवढ्यावर त्याचं काम संपलं होतं.

एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी सेटिंग) का बंद होतं, त्याचंही उत्तर मिळालं. भावाने मध्यंतरी बायोस (बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) अपडेट केलं होतं. अपडेटनंतर बहुतेकदा बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात आणि एक्सएमपी गुपचूप बंद होतं. कसलाही इशारा नाही.

हिशोब बघा: २१३३ सिंगल चॅनेल म्हणजे सेकंदाला साधारण १७ गिगाबाइट, ३२०० ड्युअल म्हणजे ५१. बरोबर तिप्पट. रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिकही रॅमच्या तालावर चालतं, म्हणजे तेही १०६६ वर अडकलं होतं. ते १६०० वर आलं. रॅम हलवल्या, एक्सएमपी लावलं आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या होऊ दिल्या. एक्सएमपी लावून लगेच मशीन हातात देणारे लोक मला पटत नाहीत. रॅम नापास असेल तर आठवड्याभराने गेम कोसळतो आणि दोष कार्डावर येतो. हे सगळं होऊन काउंटर-स्ट्राइक १८५ वर गेला, १ टक्का लो ८५ वर. एकही वस्तू न विकता.

दोघांचं भांडण इथेच मिटेल असं वाटलं होतं. ते नव्या आकड्यांनी जास्तच पेटलं.

भावाच्या गेममध्ये कार्ड अजूनही ५५ टक्क्यांवर. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी केलं तरी एफपीएस जागचा हलला नाही. पिक्सेल निम्म्याहून कमी करूनही फरक शून्य, म्हणजे कार्डाचा संबंधच नाही. १ टक्का लो ८५ म्हणजे काही फ्रेमना १२ मिलिसेकंद लागतायत. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदांनी फ्रेम हवी. धूर आणि गोळीबार एकत्र आला की नेमकं तिथेच अडखळतं. त्याचं निदान बरोबर.

बहिणीच्या गेममध्ये कार्ड सतत ९८ टक्क्यांवर, मोकळ्या रस्त्यावर ४८ फ्रेम, गर्दीच्या बाजारात ४२. तिचंही बरोबर.

मग तिच्या गेमची कमाल मर्यादा काढली. ही चाचणी फार कमी लोक करतात, खर्च काहीच नाही. रे ट्रेसिंग तसंच चालू ठेवून डीएलएसएस (चित्र लहान काढून मोठं करणारी सोय) क्वालिटीवरून अल्ट्रा परफॉर्मन्सवर नेलं. आतलं रेंडरिंग १२८० × ७२० वरून ६४० × ३६० वर येतं. चित्राचा लगदा होतो, पण कार्ड जवळपास मोकळं होतं आणि प्रोसेसरवरचं ओझं फारसं हलत नाही. रे ट्रेसिंगसाठी दृश्यातल्या वस्तूंची जी रचना सतत ताजी ठेवावी लागते, त्यात प्रोसेसरचंही काम असतं आणि ते रिझोल्यूशनवर ठरत नाही. उरलेला आकडा प्रोसेसरचा. मोकळ्या रस्त्यावर ७५, बाजारात ५५. म्हणजे जगातलं सर्वांत जबरदस्त कार्ड आणून लावलं तरी या प्रोसेसरवर बाजारात ५५ च्या पुढे ती जाणार नाही. आणि नुसता प्रोसेसर बदलला तर तिचे ४२ हे ४२ च राहणार.

मी तिला फुकटातला उपाय सुचवला: रिफ्लेक्शन ठेव, रे ट्रेसिंगचे बाकीचे प्रकार बंद कर, साठीच्या जवळ जाशील. तिने ते चालू-बंद करून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "नको. कमी चालेल, पण असंच दिसलं पाहिजे." यावर वाद घालण्याचं मला कारण दिसत नाही. खेळणारी ती आहे.

शेवटी पारडं झुकलं ते त्या पैशात कोणतं कार्ड येतं यावर. बजेटमध्ये बसणारी नवी कार्डं ८ जीबीची होती, आरटीएक्स ४०६० सारखी. पिढी नवी, नावातला आकडा मोठा, पण हातातल्या ३०६० कडे १२ जीबी आहे. तिच्या सेटिंग्जवर मेमरीचा वापर ८ च्या वर जात होता. ४०६० ला पीसीआयई ४.० च्या फक्त आठ लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटा) आहेत, आणि बी४५० चा स्लॉट ३.० चा. म्हणजे सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट. मेमरी उतू गेली की सामान त्या अरुंद बोळातून मुख्य रॅममध्ये ये-जा करतं. सरासरी छान दिसते आणि वळणावर गाडी गचके खाते. १२ जीबी किंवा त्याच्या वरचं, पूर्ण १६ लेनचं कार्ड घ्यायचं तर पैसे कमी पडत होते, शिवाय त्या जुन्या एसएमपीएसला कार्डाला वीज देणारे दोन ८-पिन जोड एकाच केबलवर होते. तेही बदलावं लागलं असतं.

म्हणून मी प्रोसेसर सांगितला. ५७००एक्स३डी मिळाला. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ९६ एमबी, आठही कोअरना सामायिक. ३६०० मध्ये ३२ एमबी, तीही सोळा-सोळाच्या दोन तुकड्यांत. गेमचा मुख्य थ्रेड रॅमकडे वारंवार धावतो, त्यातल्या बऱ्याच फेऱ्या कॅशमध्येच मिटतात.

बदलण्याचा क्रम चुकला तर महागात पडतं. जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस तपासायचं आणि नव्या प्रोसेसरला चालेल त्या आवृत्तीवर न्यायचं. आधीच काढून बसलात तर स्क्रीन काळी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर आधी थांबवायचं आणि रिकव्हरी की बाहेर लिहून ठेवायची. प्रोसेसर बदलला की त्याच्यातलं टीपीएम (कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) बदलतं आणि विंडोज दारातच की मागतं. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं गेम लावून तापवायचं, बंद करून वायर काढायची आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे पिळून सोडवायचा. या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट घट्ट बसलेली असेल तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. जुन्या प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर चार स्क्रूंवर बसतो. स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी सुटून पडते, तिला मागून हात लावून ठेवायचा. हा कूलर बसवताना बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढावे लागतात, आणि नव्या टॉवर कूलरची क्लिप अनेकदा त्यांनाच अडकते. एक्स३डीच्या डब्यात कूलर नसतो, म्हणजे नवा घ्यावाच लागतो. ब्रॅकेट बहुतेक लोकांनी बोर्डाच्या खोक्यासकट रद्दीत दिलेले असतात. या बहिणीने खोकं जपून ठेवलं होतं, स्क्रूसकट.

सगळं झाल्यावर एक्सएमपी पुन्हा लावलं आणि मोजलं. काउंटर-स्ट्राइक अडीचशेच्या पुढे, १ टक्का लो १४० च्या आसपास. भाऊ खूश. सायबरपंकमध्ये रस्त्यावर ४९, बाजारात ४३. वेगात गाडी हाणताना फ्रेम टाइमच्या आलेखात जे सुळके यायचे ते जवळपास गेले. मी ते बोटाने दाखवलं. तिने थोडी गाडी चालवली, मान हलवली आणि म्हणाली, "गचके गेले खरे. पण दादा, आकडा तोच आहे."

तोच होता, आणि तो तसाच राहील हे तिला आधी सांगितलेलं होतं. तरीही एक मुद्दा मनातून जात नाही. एएम४ २०१६ चं सॉकेट, २०२२ मध्ये फक्त डीडीआर५ घेणारं एएम५ आलं. हा प्रोसेसर या बोर्डाबरोबरच निवृत्त होणार. कार्डात घातलेला पैसा पुढच्या मशीनमध्ये उचलून नेता आला असता. थोडं थांबून, पैसे जमवून मोठं कार्ड आणि एसएमपीएस एकत्र घ्या, असं सांगितलं असतं तर भावाने तोवर ८५ वर काढले असते आणि तिला ५५ पर्यंतची जागा मिळाली असती. तांत्रिक बाजूने दोन्ही रस्ते तितकेच सरळ होते. कोणाचं आधी हा निर्णय मी आकड्यांच्या आड बसून घेतला, हे तिला कळलंय असं मला वाटतं.

पुढची पाळी तिची, हे दोघांकडून कबूल करून घेतलं. चिठ्ठीवर लिहून दिलंय: आधी ६५० वॉटचा एसएमपीएस, दोन वेगळ्या पीसीआयई केबलवाला, मग कार्ड, १२ जीबीच्या खाली नाही, लेन सोळा. आणि बायोस अपडेट केलं तर एक्सएमपी बघा. चिठ्ठी भावाने खिशात घालायच्या आत तिने घेतली.