घाम आणि खाम: सामवाच्या वाटेवर

पॅरिसजवळच्या आव्हों स्टेशनवर उतरलो आणि सामवाला जाणारी बस डोळ्यांदेखत सुटली. पुढची दोन तासांनी. बायको म्हणाली, "चल, चालतच जाऊ. जंगलातून रस्ता आहे, सावली असेल." सावली होती, पण जूनच्या अखेरीस अशी काही उष्णतेची लाट आली होती की मला मिरजेचा एप्रिल आठवला.

खरं सांगायचं तर बस चुकल्याचं मला दुःख नव्हतं. १६ मे १९५३ ला पॅरिसमध्ये वाजवून परतलेला जाझचा जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट याच स्टेशनवर उतरला होता आणि चालतच घराकडे निघाला होता. घराशी पोचला आणि कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला. वय ४३. सेन नदीच्या काठचं सामवा हे त्याचं शेवटची दोन वर्षं राहिलेलं गाव. तिथे तो मासे धरायचा, बिलियर्ड्स खेळायचा, चित्रं काढायचा आणि मनात आलं तर गिटार वाजवायचा.

आपल्याकडे जिप्सी म्हटलं की कवितेतला भटक्या आठवतो, नाहीतर मारुतीची गाडी. फ्रान्समधल्या जँगोच्या जमातीचे लोक स्वतःला 'मानुश' म्हणवतात. हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा मी तीन ताड उडालो होतो. त्यांची भाषा भारतातूनच निघालेली, हे तर भाषाशास्त्राने कधीचंच सिद्ध केलंय. मग काय, मिरजेत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरे. त्यांच्या मायनर स्वरावलीतल्या चाली ऐकताना मला सरळ आपला किरवाणी राग दिसायचा. म्हटलं, जाऊ या आणि मूळ शोधून काढू या.

जँगोचं खरं नाव जाँ. जन्म १९१० चा, बेल्जियममधल्या लिबेर्शी गावाशी थांबलेल्या घोडागाडीतला. जँगो म्हणजे 'मी जागतो' असं सांगतात. आपली 'जाग' तीच. वाढला पॅरिसच्या वेशीवरच्या झोपड्यांत. पोरवयातच म्युझेत नावाच्या पॅरिसच्या नाचगाण्यांत ॲकॉर्डियनवाल्यांना बँजोची साथ करू लागला. १९२८ मध्ये पहिल्या रेकॉर्ड निघाल्या, त्यांवर नाव छापलं 'जिआंगो रनार'. त्याला स्वतःलाच धड लिहिता-वाचता येत नव्हतं, तिथे छापखान्यावर काय रागवणार!

त्याच वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री गाडीला आग लागली. बायको विकायला कागद आणि सेल्युलॉइडची फुलं बनवायची, त्यांवर मेणबत्ती पडली. भाजलेला पाय कापायला त्याने नकार दिला आणि पाय वाचला. पण डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. पुढचं सगळं, म्हणजे जगभरचे गिटारवाले आजही ज्याच्या मागे धावतात ते वादन, मुख्यतः दोन बोटांचं. मी घरी एकदा ती दोन बोटं रबरबँडने बांधून वाजवायला बसलो होतो. चार मिनिटांत रबरबँड काढला. बायकोने तेव्हा काढलेलं शूटिंग ती अजून पाहुण्यांना दाखवते.

आदल्या दिवशी पॅरिसच्या संगीत संग्रहालयात त्याची सेल्मर गिटार पाहिली, ५०३ नंबरची. त्याच्या पत्नीने ती १९६४ मध्ये दिली. पोटाला गोल भोक नाही, छोटं लंबगोल. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे वाळत पडलेले पाहिलेत, तेव्हा वाद्याच्या पोटाबद्दल मला जरा जास्तच कुतूहल. मारिओ माकाफेरीने १९३२ च्या सुमारास या गिटारींचा आराखडा केला. हजाराच्या आतच बनल्या. माइकशिवाय हॉल भरून टाकणारा त्यांचा आवाज, थोडा नाकातला, कोरडा. आपण गोड म्हणतो तसा अजिबात नाही.

सामवाच्या दफनभूमीत जँगोच्या कबरीपाशी फार वेळ थांबलो नाही. साधा दगड, लोकांनी ठेवलेले गिटार छेडायचे पिक, ऊन. मानुश लोक मेलेल्याविषयी बोलत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत. पूर्वी त्याच्या वस्तू, गाडीसुद्धा जाळून टाकत. आणि इथे आम्ही बाहेरून आलेले लोक त्याच माणसाच्या नावाने संगीताची जत्रा भरवतो. मला ते थोडं खटकलं. पण मग मीही तिथे उभा होतोच की.

जत्रा आता फाँतेनब्लोच्या राजवाड्याच्या बागेत भरते. पूर्वी सामवालाच नदीतल्या बेटावर व्हायची, २०१६ च्या पुराने तिथून उठवली. तिकीट काढून पाहिलेला कार्यक्रम सुबक होता, एवढंच म्हणेन. खरा मामला नदीपलीकडे, सामोरोच्या तळावर. गाड्या, तंबू, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आणि दर दहा पावलांवर गिटारींचा घोळका. अशा बैठकीला ते 'बफ' म्हणतात. म्हणजे बैल! का ते विचारलं तर प्रत्येकाने वेगळी कथा सांगितली.

ढोल नाही, तबला नाही. ठेका गिटारीच धरतात. त्याला 'पाँप' म्हणतात, म्हणजे पंप. मी एका जाड्या गृहस्थांच्या उजव्या हाताकडे अर्धा तास पाहत बसलो. पहिल्या मात्रेला खर्जाच्या तारांवर हलका हात, दुसरीला सगळ्या तारांवर सपकन फटका, आणि फटका पडताच डाव्या हाताची बोटं सैल, की नाद तिथल्या तिथे मेला. मध्येच वरच्या दिशेने एक निसटता स्पर्श, कळे न कळे असा. मनगट झाडल्यासारखं सैल. असे तीन जण एकत्र वाजवू लागले की गाडीला डबे जोडल्यासारखं होतं, वर एकट्याने कितीही उधळावं. १९३४ मध्ये जँगो आणि व्हायोलिनवाला स्तेफान ग्रापेली यांनी पाच जणांचं पथक बांधलं, त्यात हेच होतं: तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बेस.

बाजूच्या खुर्चीवर एक आजोबा होते, टोपी घातलेले. उकाड्याने मी हैराण. कपाळ पुसत बायकोला म्हणालो, "काय घाम येतोय गं!" आजोबांनी मान वळवली, आकाशाकडे बोट केलं आणि म्हणाले, "खाम." मी म्हटलं, नाही, हे, आणि ओला रुमाल दाखवला. ते पुन्हा सूर्याकडे बोट दाखवून, जरा वैतागून: "खाम!"

संस्कृतात घर्म म्हणजे ऊन. आपल्याकडे आला तो घाम झाला, त्यांच्याकडे गेला तो सूर्य. हजार वर्षांत एकाच शब्दाचे दोन भाऊ, एक आभाळात आणि एक कपाळावर.

मग गंमतच सुरू झाली. मोडकंतोडकं फ्रेंच आणि हातवारे. कान, नाक, साप जवळजवळ जसेच्या तसे. चांदीला रुप, आपलं रुपे. नमस्काराला 'लाचो दिवेस', चांगला दिवस. आकडे मोजले: येक, दुय, त्रिन, श्तार, पान्श, शोब. मी तोंड भरून हसत होतो. पुढे आजोबा म्हणाले, "एफ्ता, ओख्तो, एन्या," आणि माझं हसू थांबलं. हे ग्रीक. बिझँटिन मुलखात, म्हणजे तुर्कस्तान-ग्रीसकडे, मुक्काम पडला तेव्हा उचललेलं. मग देश, म्हणजे दहा, परत आपलं.

माझा किरवाणीचा किडा तिथेच मेला. कारण ती मायनर स्वरावली युरोपची स्वतःची आहे, तिला आपल्याकडून जायची गरज नव्हती. मी समोर ऐकत होतो ते पॅरिसच्या म्युझेतचं वाल्ट्झ, अमेरिकेहून रेकॉर्डवर आलेला जाझवाला लुई आर्मस्ट्राँग आणि जळक्या हाताची हिकमत. शब्द आपल्याकडचे सांभाळले, संगीत वाटेत भेटलेल्यांशी बसून केलं. आपण "ही आपलीच माणसं" म्हणून हक्क सांगायला निघतो तेव्हा हे विसरतो.

आणि वाट काही हौसेची नव्हती. १९४० मध्ये फ्रान्सने फिरस्त्यांना प्रवासबंदी केली, मग कुटुंबंच्या कुटुंबं छावण्यांत कोंडली. त्यांतली सर्वांत मोठी माँत्रई-बेले. १९४० च्याच डिसेंबरात जँगोने 'नुआज' म्हणजे 'ढग' ही चाल रेकॉर्ड केली आणि जर्मन अमलाखालच्या पॅरिसने ती डोक्यावर घेतली. हा कार्यक्रमांत टाळ्या घेतोय आणि त्याचे जातभाई तारेच्या कुंपणाआड. १९४३ मध्ये त्यानेही स्वित्झर्लंडला निसटायची धडपड केली, जमलं नाही. छावण्यांतली शेवटची माणसं सुटली १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून वर्ष उलटल्यावर. आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी माँत्रई-बेलेला जाऊन देशाची जबाबदारी कबूल केली २०१६ मध्ये.

संध्याकाळी शेजारच्या घोळक्यात काही जर्मन सिंती, म्हणजे मानुशांचेच भाऊबंद, मुलं आली, एकाकडे व्हायोलिन. आधी चार्दाश ही हंगेरियन नाचाची चाल, सुरुवातीला रडवेली आणि मग भरधाव. त्यातून थेट स्विंग जाझ. जर्मन सिंती व्हायोलिनवाला श्नुकेनाक राइनहार्ट याच्या १९६० च्या दशकाच्या अखेरच्या रेकॉर्डवर हेच एका तबकडीवर मिळतं: लोकगीतं, चार्दाश, स्विंग, सगळं शेजारी शेजारी. 'हे लोकसंगीत आणि हे जाझ' अशी भिंत दुकानदारांनी घातलेली. वाजवणाऱ्यांच्या घरी ती कधी नव्हतीच.

नोटेशनचा कागद तळावर कुठे दिसला नाही. दहाएक वर्षांचा एक मुलगा काकाच्या गुडघ्याला टेकून फक्त डावा हात बघत होता. आजोबांनी काय खूण केली कोण जाणे, काकाने आपली गिटार माझ्या मांडीवर ठेवली. नाही म्हणायची सोय नव्हती. मी पाँप धरला. पहिलं आवर्तन बरं गेलं. दुसऱ्यात हात गरम झाला, तिसऱ्यात मी तबल्याच्या तिहाईसारखं काहीतरी घुसडलं आणि समेवर जोरात आदळलो.

मुलाने उठून माझ्या मनगटावर तळहात ठेवला. "दुसमाँ," तो म्हणाला. हळू. मी हळू केलं. त्याने हात काढला नाही. अजून हळू. पूर्ण एक गाणं तो तसाच उभा होता, आणि गाणं संपल्यावर गिटार घेऊन काकाला देऊन आला.