खुबा मोडलाय, पण नेमका कुठे?

"डॉक्टर, शेजारच्या आजोबांचाही खुबाच मोडला होता. त्यांना रॉड टाकला आणि चालतं केलं. मग आमच्या आईचा बॉल बदलायचा असं का म्हणतायत?"

एक्स-रे घेऊन आलेले नातेवाईक हे मला सतत विचारतात. विचारण्यात चुकीचं काही नाही. दुखणं एकच सांगितलेलं, आणि ऑपरेशन वेगळं, खर्च वेगळा. कुणाच्याही मनात शंका येईल. मी साताऱ्यात रेडिओलॉजिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण ज्या फोटोवरून ते ठरतं तो वाचणं हे माझं काम. काउंटरपाशी उभ्या उभ्या दोन वाक्यांत हे सांगून होत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत तर आज नीट सांगते.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या खोबणीत बसतो. गोळ्याखाली तिरकी मान. मान जिथे मांडीच्या सरळ हाडाला मिळते तिथे दोन उंचवटे, बाहेरचा मोठा आणि आतला छोटा. कुशीवर झोपल्यावर जे हाड गादीला टेकतं, तो मोठा उंचवटा. सांध्याभोवती एक घट्ट पिशवी असते आणि मानेचा बहुतेक भाग तिच्या आत येतो. आता हाड पिशवीच्या आत मोडलं की बाहेर, यावर पुढचं जवळजवळ सगळं अवलंबून असतं. आत, मानेत मोडलं तर ऑर्थोच्या वॉर्डात त्याला 'नेक' म्हणतात. दोन उंचवट्यांच्या मधून मोडलं तर 'आयटी', म्हणजे इंटरट्रोकँटरिक. छोट्या उंचवट्याच्या खाली पाच सेंटिमीटरपर्यंत मोडलं तर सबट्रोकँटरिक.

एवढा भेद कशासाठी? रक्तासाठी. गोळ्याला मिळणारं बहुतेक रक्त खालून येतं, मानेच्या पृष्ठभागाला चिकटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. डोंगरमाथ्यावरच्या वाडीला खालून एकच नळ जावा, तशी ही सोय. मान मोडून हाड सरकलं की या वाहिन्या तुटतात किंवा पिळवटतात आणि गोळा उपाशी पडतो. स्क्रू कितीही सफाईने बसवले तरी काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी, तो गोळा मरून खचू शकतो. आयटीमध्ये तशी भीती फारशी नसते. तिथलं हाड स्पंजासारखं, चहूबाजूंनी रक्त मिळणारं. त्याला नीट धरून ठेवलं की ते जुळतं. म्हणून आजोबांना रॉड पुरला. आईचं हाड मानेत मोडून सरकलंय, वय ऐंशीच्या घरात, दुसरं ऑपरेशन तिला झेपणार नाही. म्हणून सर्जन बॉल बदलायचं, म्हणजे हा गोळा काढून कृत्रिम बसवायचं म्हणतात. हाच फोटो तिशीतल्या माणसाचा असता तर त्यांनी धावपळ करून त्याचा स्वतःचा गोळा वाचवायचा प्रयत्न केला असता.

मानेच्या फ्रॅक्चरचे प्रकार पाडायची जी पद्धत आजही सगळीकडे चालते, ती इंग्लंडमधल्या प्रेस्टनचे सर्जन रॉबर्ट गार्डन यांनी १९६१ साली मांडली. त्यांनी समोरून घेतलेल्या फोटोवरून चार पायऱ्या केल्या. पहिलीत हाड अर्धवट मोडलेलं किंवा एकमेकांत रुतलेलं, दुसरीत पूर्ण मोडलेलं पण जागेवर, तिसरीत थोडं सरकलेलं, चौथीत पूर्ण सुटलेलं. हे ओळखायला ते हाडातल्या रेषांकडे बघत, आणि मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. चांगला फोटो झूम करून पाहिला तर गोळ्यातून मानेत उतरणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतात. आपलं वजन ज्या वाटेने खाली जातं, त्याच वाटेने हाड या रेषा विणतं. तिसऱ्या पायरीत गोळा कलतो, त्यामुळे त्याच्या रेषा आणि खोबणीतल्या रेषा एका ओळीत राहत नाहीत. चौथीत मात्र गोळा मानेपासून पूर्ण सुटतो, मोकळा होऊन पुन्हा खोबणीत सरळ बसतो आणि रेषा परत जुळलेल्या दिसतात! हाड जास्त बिघडलेलं आणि रेषा सरळ. शिकाऊ डॉक्टर इथे हमखास गोंधळतात.

अनुभवी डॉक्टरही गोंधळतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ जणांना शंभर फ्रॅक्चरचे फोटो देऊन गार्डनची पायरी विचारली. आठही जणांचं एकमत फक्त २२ फोटोंवर झालं. मात्र 'सरकलंय का?' एवढंच विचारलं की मतं बरीच जुळतात, आणि उपचार ठरवायला हाच प्रश्न लागतो. म्हणून मी रिपोर्टमध्ये आधी ते लिहिते, मग पायरी. तुमच्या हातातल्या रिपोर्टवर तीन लिहिलंय आणि दुसऱ्या डॉक्टरांनी चार म्हटलं, तर घाबरू नका. दोघांचंही म्हणणं 'सरकलंय' असंच आहे.

गार्डन यांच्या पद्धतीची एक उणीव मात्र मला फार महत्त्वाची वाटते. ती फक्त समोरचा फोटो बघते. समोरून जागेवर दिसणारा गोळा बाजूच्या फोटोत मागे कललेला निघतो. डेन्मार्कमधल्या २००९ च्या एका अभ्यासात, न सरकलेल्या म्हणून स्क्रूने जोडलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा गोळा २० अंश किंवा जास्त मागे कलला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं. बाकीच्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. तरीही बाजूचा फोटो न काढताच पेशंट पुढे पाठवले जातात, कारण आजी कळवळत असतात आणि नातेवाईक म्हणतात, "राहू द्या हो, एक काढलाय ना." मला त्यांची तगमग समजते. पण हा फोटो दुखऱ्या पायाला न हलवता काढता येतो. टेक्निशियन चांगला पाय उचलून धरायला लावतो, कॅसेट, म्हणजे ज्या पाटीवर फोटो उमटतो ती, दुखऱ्या बाजूला कमरेलगत उभी ठेवतो आणि किरण आडवे सोडतो. दोन मिनिटं आजींचा हात धरून थांबा, पण तो काढू द्या.

समोरच्या फोटोतही एक अडचण असते. मान पूर्ण लांबीची दिसायला पाऊल साधारण १५ अंश आत वळवावं लागतं. मोडलेला पाय आपसूक बाहेर वळून पडलेला असतो आणि त्याला जबरदस्तीने वळवायचं नसतं. मग मान आखूड दिसते, छोटा उंचवटा उगाच मोठा दिसतो. म्हणून फोटो दोन्ही खुब्यांचा एकत्र घेतात, धडधाकट बाजूशी ताडून बघता येतं.

आयटीचेही प्रकार आहेत, त्यातला एकच सांगते. मोडीची रेघ सहसा मोठ्या उंचवट्याकडून छोट्याकडे, आत खाली उतरते. ती उलटी, म्हणजे बाहेरच्या बाजूला खाली उतरत असेल, तर आयटीत एरवी चालणारी सरकत्या स्क्रूची आणि प्लेटची जोडणी टिकत नाही. हाडाच्या पोकळीतून रॉडच घालावा लागतो. एका रेघेची दिशा बघायची राहिली तर आख्खं ऑपरेशन फसू शकतं.

हल्ली पुढचा प्रश्न येतो, हे आता संगणक सांगत नाही का? सांगतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांचं २०२२ चं काम आहे. ३,६५९ फोटो वापरून शिकवलेली आणि तपासलेली त्यांची प्रणाली खुब्याचं फ्रॅक्चर ओळखण्यात आणि प्रकार ठरवण्यात डॉक्टरांपेक्षा १९ टक्क्यांनी सरस ठरली. रात्री दोन वाजता जिथे रेडिओलॉजिस्ट नसतो, अशा तालुक्याच्या दवाखान्यात असं साधन यावं असं मला मनापासून वाटतं. मात्र फोटोच वाकडा काढला असेल, तर माणसाइतकीच यंत्राचीही अडचण होणार.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही सहसा विचारत नाही. न्हाणीघरात पडलेली आजी उठून चार पावलं चालली, म्हणजे हाड शाबूत आहे असं नाही. हाड एकमेकांत रुतून मोडलेलं असेल तर माणूस लंगडत चालूही शकतो. शंभरात दोन ते दहा जणांचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत दिसतच नाही. अशा वेळी एमआरआय करावा. म्हाताऱ्या हाडातला चरबीयुक्त मगज त्यात पांढरा दिसतो आणि मोडीची काळी रेघ त्यावर पहिल्याच दिवशी उमटते. उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०११ पासूनची शिफारस हीच आहे. एमआरआय चोवीस तासांत होत नसेल किंवा करता येत नसेल, पेसमेकर असल्यास वगैरे, तर सीटी स्कॅन. एक्स-रे नॉर्मल आला पण जांघेत दुखणं थांबत नाही, पाय टेकवत नाही, असं असेल तर मालिश करू नका, चालून बघायला लावू नका. झोपवूनच परत आणा आणि एमआरआय करायचा का, हे डॉक्टरांना तुम्ही होऊन विचारा. आज न सरकलेलं हाड स्क्रूवर भागतं. तेच उद्या चालताना सरकलं, तर बॉल बदलावा लागतो.