बनियनवरचा स्टेथोस्कोप

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली एकोणीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करते. मागच्या भाद्रपदात एका पहाटे एसटीतून निवृत्त झालेले ६६ वर्षांचे एक चालक धाप लागलेल्या अवस्थेत आमच्याकडे आले, तेव्हा मला आश्चर्य वाटले. झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आले होते हे खरे. पण गोळ्यांच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस माझ्या ओपीडीत दुसरा नव्हता. ऑक्सिजन आणि शिरेतून फ्युरोसेमाइड दिल्यावर तीन दिवसांत अंगावरचे पाणी उतरले, पण एकाएकी बिघडले काय, याचा उलगडा होईना.

तो काकूंनी आणलेल्या पत्र्याच्या डब्यात झाला. बाकीच्या सगळ्या स्ट्रिप अर्ध्यामुर्ध्या संपलेल्या होत्या. कमकुवत हृदयासाठी दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोन या गोळीच्या बारा स्ट्रिप मात्र रबर लावून नीट रचून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतली एकही गोळी फोडलेली नव्हती. चार महिने ते ही गोळी दुकानातून आणत होते, कारण बिल मुलगा पाहत असे, आणि घरी आल्यावर ती डब्यात टाकत होते. मी विचारले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. काकू चहा आणायला खाली गेल्यावर ते हळूच म्हणाले, “मॅडम, त्या गोळीनं मला बाईमाणसासारखं व्हायला लागलं होतं.”

पुरुषाच्या छातीतही स्तनग्रंथीचा अंश असतो आणि पुरुषी संप्रेरकांच्या धाकामुळे तो वाढत नाही. स्पायरोनोलॅक्टोन त्या संप्रेरकांचा परिणाम अडवते, थोडेफार त्यांचे उत्पादनही घटवते, आणि मग प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असलेल्या इस्ट्रोजेनला मोकळे रान मिळते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ज्या राल्स चाचणीमुळे ही गोळी हृदयरोगात रूढ झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. १,६६३ रुग्णांच्या त्या चाचणीत मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला आणि गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना स्तन वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला. हे दोन्ही आकडे मी विद्यार्थ्यांना तोंडपाठ सांगते.

तपासणी लगेच करता येईना, कारण ती रुग्णाला उताणे झोपवून, हात डोक्याखाली घ्यायला लावून करायची असते आणि काकांना तर आडवे होताच धाप लागत होती. चौथ्या दिवशी ते सपाट झोपू शकले. अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राच्या दिशेने आणत गेले की नुसती चरबी असेल तर बोटे अडथळ्याविना एकमेकांना भेटतात. ग्रंथी वाढलेली असेल तर मध्येच रबरासारखी लवचीक चकती हाताला लागते. उजवीकडे ती चार सेंटिमीटरची होती. गोळी बंद असल्यामुळे डावीकडची विरत आली होती आणि दुखणेही थांबले होते. चकती स्तनाग्राच्या बरोबर खाली, सहज हलणारी. कातडी ओढलेली नाही, स्राव नाही, काखेत गाठ नाही. वृषणेही तपासली, कारण तिथली लहानशी गाठसुद्धा छाती वाढवू शकते आणि संकोचापायी ती जागा तपासायची राहून जाते. आमच्या सर्जन मित्रांनी तरीही सुईने तपास करू या असा आग्रह धरला. स्तनाच्या एकूण कर्करोगांत पुरुषांचा वाटा जेमतेम एक टक्का असतो, आणि ती गाठ बहुधा दगडासारखी, एका कडेला, खिळलेली असते. हाताने कळण्यासारखी गोष्ट सुईला विचारायची सवय मला पटत नाही. मी नको म्हटले.

मला टोचत होते ते निराळेच. वर्षभरात काका माझ्याकडे सात वेळा आले होते आणि सातही वेळा मी ‘छाती स्वच्छ’ असे लिहिले होते. ती छाती मी बनियनवरून ऐकली होती. ईसीजी काढणाऱ्या मुलाने मात्र ती उघडी पाहिली होती. “वयामुळं असेल असं वाटलं, मॅडम,” तो म्हणाला. मी त्याच्यावर चिडले आणि नंतर ओशाळले, कारण कागद नीट काढण्यापलीकडे त्याच्याकडून आम्ही कधी काही अपेक्षिलेच नव्हते. हा त्रास कोणत्या गोळीचा, हे काकांना औषधाच्या दुकानातल्या पोराने अर्ध्या मिनिटात सांगितले होते. तिला पर्याय आहे, हे सांगणे त्याचे काम नव्हते. ते माझे होते. काका त्या वर्षी आषाढीला पंढरपूरला गेले नाहीत ते धापेमुळे, असे घरचे समजत होते. माझ्या नोंदींप्रमाणे तेव्हा त्यांना धाप नव्हतीच. चंद्रभागेच्या वाळवंटात चारचौघांत अंगरखा काढायचा नव्हता.

एप्लेरेनोन हे त्याच कामाचे, पण पुरुषी संप्रेरकांच्या वाटेला फारसे न जाणारे औषध. ते महाग आहे आणि साताऱ्याहून मागवावे लागते. रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आठवड्याने व पुन्हा महिन्याने तपासायचे, या अटीवर ते सुरू केले. ऑपरेशनने उरलेली चकती काढता येईल का, असे काकांनी विचारले. फार जुनी होऊन तंतुमय झालेली चकती औषध बदलूनही जात नाही, ती काढावी लागते. ही तशी नव्हती, आणि ३० टक्क्यांच्या हृदयाला भूल देण्याइतके ते कारण नव्हते. पौषात ती दोन सेंटिमीटरवर आली.

त्यानंतर मी वही काढली. स्पायरोनोलॅक्टोन घेणारे चाळीस-बेचाळीस पुरुष निघाले. दहात एक धरला तरी चौघे कुठे होते? बनियन काढायला लावून दोन महिन्यांत तिघे सापडले. त्यांतल्या एकाने वर्षभर उकाड्यातही आतून घट्ट गंजी घातली होती.

आता ही गोळी लिहिताना मी तिचा हा दोष आधीच सांगते. मागच्या महिन्यात ४८ वर्षांच्या एका शिक्षकांना सांगितला. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, “महागडी परवडणार नाही आणि ही नको” म्हणाले, आणि ते अजून परत आलेले नाहीत. त्यांच्या हृदयाचे पंपिंग २५ टक्के आहे.