आधीचं रीडिंग

दर रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात मी मोठ्या माणसांना हवामानाचे नकाशे वाचायला शिकवते. सासवडकडचे अंजीरवाले, ट्रेकर, निवृत्त मंडळी असा वर्ग. त्यांचं गाडं दोन ठिकाणी अडतं. नकाशावर वाऱ्याच्या खुणेला ज्या टोकाशी पिसांसारख्या रेघा असतात, तिकडून वारा येतो. पण रस्त्यावरच्या बाणांना सरावलेले डोळे ती उलटी वाचतात आणि कोकणातून येणारा वारा परत कोकणात धाडतात. दुसरं ठिकाण समदाब रेषांचं, म्हणजे हवेचा सारखा दाब दाखवणाऱ्या रेषांचं. हातात पेन्सिल दिली की सगळे ठिपके जोडायला लागतात. १००५ दाबाचं हवामान ठाणं १००४ आणि १००६ च्या रेषांच्या मधे राहायला हवं, हे पटायला तीन रविवार जातात. शाळेत ही आकृती पाठ करून घेतात, मुलांच्या हातून काढून घेत नाहीत. त्याचं हे फळ.

जुलैतल्या एका रविवारी एक काका पिशवीतून हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर घेऊन आले. भोसरीच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. बॅरोमीटर जुन्या बाजारातून घेतलेला, पितळी कडेचा, काच स्वच्छ पुसलेली.

"मॅडम, नकाशात पुण्याजवळून १००४ ची रेषा गेलीय. माझा काटा ९४३ वर आहे. समुद्रावर एवढा दाब म्हणजे मोठं चक्रीवादळ ना?"

इतका चांगला प्रश्न मला वर्षभरात कुणी विचारला नव्हता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तेवढ्या उंचीची हवा आपल्या खालीच राहते, म्हणून इथला दाब साठेक हेक्टोपास्कलने (नकाशावरचे दाबाचे आकडे याच एककात असतात) कमी भरतो. ठाण्यांचे मूळ आकडे तसेच नकाशावर मांडले, तर हवामानाऐवजी डोंगरच दिसतील आणि महाबळेश्वरला बारमाही चक्रीवादळ बसलेलं असेल. म्हणून प्रत्येक आकडा आधी समुद्रसपाटीवर आणून मगच मांडतात. हे सांगताना वर्ग अगदी शांत होता. अंजीरवाले दादा म्हणाले, "म्हणजे सगळ्यांना एका ओट्यावर उभं करून उंची मोजायची."

आणि त्या भरात मी बॅरोमीटर उलटा केला, मागचा स्क्रू फिरवला आणि काटा १००४ वर आणून ठेवला. घरगुती बॅरोमीटर असाच लावतात. "आता थेट नकाशाशी ताडून बघा," मी म्हणाले. काका काहीच बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी वही आणली. २०११ पासून रोज सकाळी साडेआठचा दाब, एकाच पेनाने, एकाच भिंतीवरचा. रोज एकच वेळ का, हेही त्यांनी स्वतःच शोधलं होतं: आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि ही भरती-ओहोटी तीन-चार हेक्टोपास्कलची असते. भलत्या वेळी वाचलं तर रोजच वादळ येतंय असं वाटेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्या पानावर तासातासाची नोंद होती. फोनवर रंगीत भोवरे फिरवून भविष्य सांगणाऱ्यांपैकी एकानेही अशी वही ठेवलेली मी पाहिलेली नाही.

"स्क्रू किती फिरवला होता, मॅडम? तेवढे वजा करून वही पुढे चालवतो."

मी लिहून ठेवलं नव्हतं. त्या सकाळचा साडेआठचा आकडा वहीत होता, पण स्क्रू फिरवला तेव्हा अकरा वाजून गेले होते. शिवाय ज्या नकाशावरून लावला, तोही साडेआठचाच. वर्गात मी ९४३ ऐकलं ते त्यांच्या तोंडून, आणि बोटाने काच टिचकावून काटा स्थिरावू द्यायचा, तेवढंही मी केलं नव्हतं. आमच्या कामातला हा पहिला धडा, आणि मी तो दरवर्षी शिकवते. हिशेब एक-दोन हेक्टोपास्कलच्या आत येईना, आणि दिवसादिवसातला फरक बहुतेक वेळा तेवढाच असतो.

काकांनी लाल पेनाने आडवी रेघ मारली. म्हणाले, कंपनीत गेज लावला की रजिस्टरमध्ये आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग आणि लावणाऱ्याची सही लागते. वही माझ्यापुढे सरकवली.

नंतरचं रीडिंग : १००४. आधीचं रीडिंग : नोंद नाही. खाली मी सही केली.