विसण

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी वडगावच्या घरी तांब्याचा बंब घासायचं काम माझ्याकडे आलं. चिंच, मीठ आणि कोपरापर्यंत काळे हात. मग बंबाला कारिटाचा वेल गुंडाळला. शेजारच्या कन्नड काकू याला ‘नीरु तुंबो हब्ब’ म्हणतात, आमच्यात नुसताच पाणी भरायचा दिवस. चार वर्षांनी दिवाळीला बेळगावात आले होते, पण निम्मं डोकं जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या घरात अडकलेलं. तिथं बाथरूम फोडून ठेवलंय आणि तळघरातला तेलावरचा बॉयलर बदलायचाय. गेल्या फेब्रुवारीत त्यानं दोनदा मान टाकली. मोबाइलमध्ये तीन कोटेशनं घेऊनच विमानात बसले होते.

“काय बघूलालीस एवढं?” अप्पांनी विचारलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बत्तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. त्यांना दाखवायलाच हवं होतं.

तिकडं हीटिंग म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला हीटर नव्हे. तळघरात पाणी तापतं, पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि गार होऊन परत येतं. आमचं घर १९७८ चं, बॉयलर एकतीस वर्षांचा. १ जानेवारी २०२४ पासूनच्या कायद्याचा रोख असा, की नव्या हीटिंगमधली ६५ टक्के ऊर्जा अपारंपरिक हवी. जुन्या घरांना सवलतीची मुदत आहे आणि सरकार बदलल्यावर तो कायदाच बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या. त्यामुळे जर्मन शेजाऱ्यांत या विषयावर जे वाद होतात ते आपल्याकडच्या सीमाप्रश्नाच्या तोडीचे! गॅस आम्ही लगेच बाद केला, कारण त्यावरचा कार्बनचा कर वाढतच चाललाय. लाकडाच्या भुश्श्याच्या गोळ्यांवर चालणारी भट्टी अप्पांना फार आवडली. “बंबाचाच भाऊ की!” पण राख काढायला मी काही रोज तळघरात उतरणार नाही. उरला हीट पंप, म्हणजे उलटा लावलेला फ्रिज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात टाकतो आणि एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता देतो.

अप्पांनी मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं करून पेन घेतलं.

“वर्षाला तेल किती?”

“दोन हजार लिटर.”

“लिटरला युनिट?”

“दहा.”

वीस हजार झाले. जुना बॉयलर धुराड्यातून पंधरा टक्के घालवतो असं धरून सतरा हजार. तिकडच्या थंडीत मशीन पूर्ण जोरानं चालायचे तास दोन हजार धरतात, म्हणजे साडेआठ किलोवॅट. एका कंत्राटदारानं चौदाचं कोटेशन दिलं होतं. गृहस्थ वरच्या मजल्यावर गेलेच नव्हते, तळघरात उभ्या उभ्या कॉफी पिऊन आकडा सांगून मोकळे. मशीन गरजेपेक्षा मोठं घेतलं की ते सारखं चालू-बंद होतं आणि कॉम्प्रेसर लवकर म्हातारा होतो. अप्पांनी चौदावर आडवी रेघ मारली. खोलीवार नीट हिशेब तिकडच्या इंजिनिअरकडून करून घ्यायचाच आहे, पण चौदाला नकार द्यायला कॅलेंडरची पाठ पुरली.

“आणि पाणी कितीवर पाठवतंय?” हा प्रश्न तीन कंत्राटदारांपैकी एकानंच विचारला होता.

जुना बॉयलर सत्तर अंशावर पाठवायचा. हीट पंपाला एवढं गरम पाणी करायला लावलं तर त्याची बरीचशी बचत जाते. त्याला पस्तीस-पंचेचाळीस मानवतं, फार तर पंचावन्न. जानेवारीत त्या कंत्राटदाराच्या सांगण्यावरून मी जुन्याच बॉयलरचा काटा पन्नासवर आणून आठवडाभर बघितलं. बाहेर उणे सहा. सगळ्या खोल्या वीसच्या वर राहिल्या, फक्त बाथरूम आणि उत्तरेकडची झोपायची खोली सतरावर अडकली. म्हणजे घरभर जमीन उखडून पाइप घालायची गरज नाही, दोन रेडिएटर मोठे केले की भागतंय. हे अप्पांना सांगितलं तर ते बंबाकडं बघून हसले. “कढत काढायचं आणि वर दोन तांबे विसण घालायचं! मग तापवलं कशाला?”

खुद्द त्यांच्या घरात मात्र गीझर नाही. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला दोनशे युनिटपर्यंत वीज फुकट, गीझरनं आकडा वर गेला तर बिल येईल ही धास्ती. गच्चीवर सोलर आहे, पण बेळगावच्या पावसात ते चार महिने शोभेचं. म्हणून बंब.

तिकडं नवीन मशीनच्या खर्चातल्या तीस हजार युरोंपर्यंत सरकारी बँक तीस टक्के देते, वर चालू तेलाचा बॉयलर काढला म्हणून वीस. अनुदान ऐकून आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं, “आणि त्या तेलाच्या टाकीच्या खोलीत काय ठेवणार?” “कांदे-बटाटे,” मी म्हणाले. तेलाचा वास जायला वर्षभर लागेल हे सांगितलं नाही.

मशीन एप्रिलमध्ये बसेल. पाणी कितीवर चाललंय त्याचा फोटो आठवड्याला एक पाठवायचा, असं अप्पांनी बजावलंय.