बॅले नर्तकांची नावं उच्चारायला शिकताना: माझा अनुभव

बॅलेच्या काही गाजलेल्या चित्रफिती दाखवायच्या होत्या आणि त्यांचं निवेदन माझ्याकडे आलं. प्रत्येक तुकड्याआधी नर्तक, नृत्यरचनाकार आणि नृत्यनाट्याची ओळख करून द्यायची. हाती आली ती रोमन लिपीतली नावांची लांबलचक यादी. ज्यांचा नाच आपण डोळे भरून बघणार, त्यांचं नाव तरी त्यांना स्वतःला ओळखू यावं असं घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून नुसत्या स्पेलिंगवर विसंबायचं नाही, हे आधीच ठरवलं.

सुरुवात रोमन 'जे' या अक्षरापासून झाली. अलिना कोझोकारू, तामारा रोखो आणि योहान कोबॉर्ग हे तिघंही २००० नंतरच्या दशकात लंडनच्या रॉयल बॅलेमध्ये होते. तिघांच्या नावात 'जे' आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचा उच्चार निराळा. अलिना रुमेनियाची, तिथे तो फ्रेंचसारखा मऊ झ. तामारा स्पॅनिश, तिथे घशातून घासत येणारा ख. योहान डॅनिश, तिथे सरळ य. एवढं कळल्यावर यादीचा वर्णक्रम मोडला आणि नावं भाषेप्रमाणे लावून घेतली. पुढचं सगळं काम त्यामुळेच सोपं झालं.

सर्वांत जास्त वेळ रशियन नावांनी घेतला. खरी अडचण अक्षरांची नव्हतीच, आघाताची होती. आपण मराठीत शब्दाच्या एखाद्याच भागावर एवढा जोर देत नाही, त्यामुळे तो ऐकायला कान तयार करावा लागतो. पाव्लोवा, ओसिपोवा, उलानोवा, झाखारोवा ही सगळी 'ओवा'वाली नावं. पण पहिल्या दोघींचा आघात पहिल्या अक्षरावर, पुढच्या दोघींचा दुसऱ्यावर. शिवाय आघात नसलेला 'ओ' रशियनमध्ये जवळजवळ 'अ' होतो. म्हणजे कानाला ऐकू येतं ते पाव्लवा, ओसिपवा, उलानवा, झाखारवा. आघात कुठे हे नुसतं नाव बघून कळत नाही, शोधावंच लागतं. रशियन कोशांत आघाताच्या स्वरावर छोटी तिरकी रेघ असते, ती फार उपयोगी पडली. माझ्या कागदावर मी जिथे जोर तिथे दीर्घ लिहीत गेले: बरीश्निकव, मुन्तागीरव. दीर्घ दिसला की जीभ आपोआप तिथे थांबते.

दियाना विश्न्योवाचं नाव मुद्दाम सांगते. रोमनमध्ये ते 'विश्नेवा' असं दिसतं. रशियनमध्ये 'यो'साठी जे अक्षर आहे त्यावर दोन टिंबं असतात, पण छापताना ती बहुतेक वेळा गाळतात आणि रोमन स्पेलिंगमध्ये नुसता 'ई' (e) उतरतो. उच्चार मात्र विश्न्योवाच, आणि जोर त्या 'न्यो'वर.

काही ठिकाणी मराठीची मदत झाली याचा मला फार आनंद वाटला. माया प्लिसेत्स्काया यांच्या आडनावातला 'त्स' रशियन लिपीत एकच अक्षर आहे, आणि तो आवाज म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. तो च मनात धरला की ते जोडाक्षर अडखळत नाही. झाखारवातला पहिला आवाज 'जमीन'मधल्या ज च्या अगदी जवळचा. निझिन्स्की आणि कोझोकारू यांच्यातला झ मात्र आपल्याकडे नाही. तो साधायला मी 'श' लांबवायचे आणि तसंच लांबवता लांबवता गळ्यातून आवाज सोडायचे. 'झिझेल' या नृत्यनाट्याच्या नावात तर हे दोन्ही आवाज पाठोपाठ येतात, आधी हा मऊ झ आणि मग 'जमीन'मधला.

फ्रेंच नावांत शेवटची व्यंजनं गळतात हे बहुतेकांना माहीत असतं: ओरेली द्यूपाँ, मान्युएल लग्री. पण सिल्वी गिलेममधला म स्पष्ट म्हणायचा, म्हणून नियम सरसकट लावून चालत नाही. मारियस पेतिपा यांच्या आडनावातला पहिला स्वर फ्रेंचमध्ये आपल्या 'अ'सारखा, म्हणजे पतिपा. जर्मन फ्रीडेमान फोगेलमध्ये 'व्ही'चा फ होतो. मारियानेला नून्येस अर्जेंटिनाची, त्यामुळे तिच्या आडनावातल्या शेवटच्या 'झेड'चा स, स्पेनमधल्यासारखा थ नाही. जपानी नावांना वेळच लागला नाही, प्रत्येक अक्षर सारख्या वजनानं म्हटलं की झालं.

मूळ भाषेचा नियम सगळीकडे चालत नाही. अलिशिया मार्कोवा हे नाव रशियन दिसतं, पण त्या लंडनच्या, मूळ आडनाव मार्क्स. तिथे इंग्रजी उच्चारच खरा. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन जन्मानं बालांचिवाद्झे. आडनाव आटोपशीर करायला लावलं ते ज्यांच्या बॅले कंपनीत होते त्या द्यागिलेव यांनी, आणि पुढे अमेरिकेत ते त्याच नावानं जगले. माणसानं जे नाव स्वीकारलं तेच मी धरलं. नुरेयेवच्या शेवटच्या 'व'चा रशियनमध्ये फ होतो, पण मराठीत 'व' इतका रुळलाय की तो मी तसाच ठेवला. जोर तेवढा 'रे'वर दिला.

शक्य तिथे नर्तकांच्या स्वतःच्या भाषेतल्या मुलाखती ऐकल्या. इंग्रजी निवेदक मोठ्या आत्मविश्वासानं चुकीचं म्हणतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये असं माझं मत झालंय.

एक अडचण सराव करतानाच कळली. नाव सुटं नीट यायचं, पण वाक्यात 'नं', 'चा', 'ला' जोडला की आघात सरकायचा. 'बरीश्निकवच्या' म्हणताना जोर हमखास शेवटाकडे जायचा. मग संहितेत सगळीकडे 'बरीश्निकव यांच्या', 'गिलेम यांनी' असं करून घेतलं. आदरही राहिला आणि नावापाठोपाठ क्षणभर थांबायला जागा मिळाली. त्यानंतर संपूर्ण संहिता मोठ्यानं वाचत राहिले, कोझोकारू आणि कोबॉर्ग यांच्या 'झिझेल'ची ओळख एका दमात म्हणता येईपर्यंत.